पंधरा मिनिटं नळाखाली

जून २०२५ मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका तरुण कबड्डीपटूच्या शेवटच्या तासांचा व्हिडिओ देशभर मोबाइलवर फिरला. गटारात अडकलेलं कुत्र्याचं पिल्लू त्यानं बाहेर काढलं होतं आणि काढताना ते त्याच्या बोटाला चावलं होतं. कबड्डी खेळणाऱ्याच्या हाताला रोजच काहीतरी लागतं, तसंच हेही समजलं गेलं. रेबीजची लस घेतली गेली नाही. पुढे सरावात हात बधिर वाटू लागला, मग पाण्याचा घोट घेणं अशक्य झालं आणि थोड्याच वेळात सगळं संपलं. हळहळ पुष्कळ व्यक्त झाली. पण पिल्लू चावलं त्या दिवशी काय केलं असतं तर हा मुलगा वाचला असता, ही माहिती व्हिडिओबरोबर फिरली नाही. माणूस रेबीजनं मरतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. चाव्यानंतर नेमकं काय करायचं, कोणत्या क्रमानं करायचं आणि दवाखान्यात काय मागायचं, हे मात्र शिकलेल्या घरांतही धड माहीत नसतं.

रेबीजचा विषाणू बाधित जनावराच्या लाळेत असतो. चाव्यातून किंवा ओरखड्यातून तो शरीरात जातो. फुटलेल्या कातडीवर, डोळ्यांत किंवा तोंडात लाळ गेली तरी जाऊ शकतो. धडधाकट कातडीतून मात्र तो आत शिरू शकत नाही. इतर बऱ्याच जंतूंप्रमाणे तो रक्तातून शरीरभर पसरत नाही. चाव्याच्या जागी तो काही काळ स्नायूत राहतो, तिथल्या मज्जातंतूच्या टोकात शिरतो आणि तंतूच्या आतून मेंदूच्या दिशेनं सरकू लागतो. हा प्रवास संथ असतो. बहुतेकांमध्ये लक्षणं दिसायला एक ते तीन महिने लागतात. क्वचित आठवड्याभरात दिसतात, क्वचित वर्ष उलटून जातं. चावा घोट्याला असेल तर वाट लांबची. चेहरा, मान, डोकं किंवा हाताच्या बोटांना असेल तर तिथे मज्जातंतूंची दाटी जास्त असते आणि चेहऱ्यापासून मेंदूचं अंतरही थोडं असतं, त्यामुळे वेळ कमी उरतो.

या सगळ्या काळात माणसाला काहीच होत नाही. जखम भरते, खपली पडते, माणूस कामाला लागतो. तंतूच्या आत असलेल्या विषाणूचा शरीराच्या संरक्षण यंत्रणेला पत्ता लागत नाही, त्यामुळे तीही शांत असते. विषाणू मेंदूत पोचला की पहिली खूण पुष्कळदा जुन्या जखमेच्या जागीच दिसते. तिथे मुंग्या येतात, खाज सुटते, आग होते. त्यानंतर ताप, अस्वस्थपणा, झोप उडणं. मग पाण्याची भीती. तहान लागलेली असते, पाणी हवं असतं, पण घोट घ्यायला जावं तर घशाचे आणि श्वासाचे स्नायू इतक्या जोरानं आखडतात की जीव गुदमरतो. पुढे पाणी नुसतं दिसलं तरी तोच झटका येतो, पंख्याचा वारा लागला तरी येतो. दोन झटक्यांच्या मधे रुग्ण पुष्कळदा पूर्ण शुद्धीत असतो आणि जवळच्यांशी बोलतो. घरच्यांना हेच सहन होत नाही. काही रुग्णांत यातलं काहीच दिसत नाही. चाव्याच्या बाजूनं लुळेपण सुरू होतं आणि ते चढत जातं, त्यामुळे निदान चुकण्याची शक्यता असते.

पाण्याची भीती दिसू लागली की रुग्ण वाचत नाही, हे आपल्याकडच्या वैद्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होतं. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात पिसाळलेल्या जनावराच्या चाव्याचं आणि जलत्रासाचं वर्णन आहे. आजही लक्षणं सुरू झाल्यावर उपयोगी पडेल असं औषध जगात नाही. वाचलेले रुग्ण जगभरात मोजके आहेत आणि त्यांतल्या अनेकांना कायमचं अपंगत्व आलेलं आहे. म्हणून रेबीजबद्दल जे काही करायचं ते चावा आणि पहिलं लक्षण यांच्या मधल्या शांत काळातच करता येतं. त्यातलाही पहिला अर्धा तास फार मोलाचा असतो.

चावा झाला की सगळ्यात आधी नळ गाठायचा. कोणताही साबण, अगदी कपड्यांचा असला तरी चालेल, आणि वाहतं पाणी. पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. रेबीजच्या विषाणूभोवती स्निग्ध पदार्थाचं आवरण असतं. भांड्याला लागलेलं तूप साबणानं सुटतं, तसं हे आवरण साबणानं तुटतं आणि विषाणू निकामी होतो. मज्जातंतूत शिरण्याआधी जखमेतच जितके विषाणू मरतील तितकं पुढचं काम सोपं होतं. ज्या वाडीवर नळ नाही तिथे कुणीतरी हंडा घ्यावा आणि तांब्यानं सतत पाणी ओतत राहावं. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावात पंधरा मिनिटांचं पाणी म्हणजे चैन वाटेल, पण घरात असेल-नसेल ते पाणी त्या दिवशी या जखमेवर खर्च करावं. केसांत, बोटांच्या बेचक्यात, फाटलेल्या कपड्याखाली दुसरी जखम लपलेली आहे का, तेही पाहावं. धुवायला उशीर झाला असेल, दोन-चार तास उलटले असतील, तरी धुवावं. त्यानंतर पोव्हिडोन आयोडीनसारखं जंतुनाशक लावावं आणि जखम उघडी ठेवून दवाखाना गाठावा.

हे पहिलं काम इतकं साधं असूनही सगळ्यात जास्त चुकतं. चुना भरला जातो, हळद दाबली जाते, तिखट चोळलं जातं, तंबाखू किंवा चहाची पूड बांधली जाते. यातल्या कशानंही विषाणू मरत नाही. तिखटानं आणि चुन्यानं जखमेतलं मांस आणखी दुखावतं आणि धुण्याचा वेळ हातचा जातो. कुणी भगताकडे नेतं, कुणी ठरावीक वारी औषध देणाऱ्याकडे नेतं. असं औषध घेऊन बरे झालेले लोक गावात दाखवले जातात, त्यामागचं कारण समजून घेतलं पाहिजे. चावणारं प्रत्येक कुत्रं पिसाळलेलं नसतं आणि पिसाळलेल्या कुत्र्याच्या प्रत्येक चाव्यातून रेबीज होतोच असंही नाही. ज्याला मुळात लागण झालीच नव्हती, तो कोणत्याही औषधानं बराच होणार. त्याचा दाखला ऐकून ज्याला खरोखर लागण झाली आहे तो दवाखान्याची वाट सोडतो.

आणखी एक अडथळा पोटातल्या इंजेक्शनांच्या आठवणीचा आहे, आणि ती आठवण खोटी नाही. ६ जुलै १८८५ ला लुई पाश्चर यांनी अल्सास प्रांतातल्या नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरवर आपली लस पहिल्यांदा वापरली. सशाच्या वाळवलेल्या मज्जारज्जूपासून ती बनवलेली होती. पाश्चर स्वतः डॉक्टर नव्हते, म्हणून टोचण्याचं काम त्यांच्या वैद्यकीय सहकाऱ्यानं केलं. मुलगा वाचला. बहुतेक लशी रोगाची लागण होण्याआधी द्याव्या लागतात. रेबीजचा विषाणू सावकाश सरकतो, म्हणून ही लस चाव्यानंतर देऊनही त्याच्या आधी पोचू शकते, हे पाश्चर यांनी ओळखलं होतं. भारतात १९०० साली कसौलीला पाश्चर संस्था सुरू झाली. तिथल्याच डेव्हिड सेंपल यांनी १९११ साली मेंढीच्या मेंदूपासून लस तयार केली आणि आपण जवळजवळ शतकभर तीच वापरली. ती रोज, पोटाच्या कातडीखाली, चौदा दिवसांपर्यंत टोचावी लागे. पोट सुजायचं, आणि काही जणांना लशीतल्या मेंदूच्या पेशींमुळे लकव्यासारखा गंभीर त्रासही व्हायचा. २००४ च्या अखेरीस भारतात तिचं उत्पादन थांबलं. आजची लस प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींपासून बनते आणि दंडात टोचतात. ज्यांच्या आजोबांनी चौदा इंजेक्शनं पोटात घेतली, त्या घरात नातवाच्या चाव्यावर पांघरूण घातलं जातं, हे थांबायला हवं. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे कुणीतरी बसून सांगायला हवं.

दवाखान्यात गेल्यावर डॉक्टर आधी जखम कुठल्या प्रकारची आहे ते पाहतात. धड कातडीला नुसतं चाटलं असेल तर धुतलं की झालं. रक्त न येता ओरखडा उठला असेल किंवा उघड्या कातडीला दात नुसते लागले असतील तर लस लागते. रक्त निघालं असेल, फुटलेल्या कातडीवर किंवा डोळ्या-तोंडात लाळ गेली असेल तर लस आणि सीरम दोन्ही लागतात. नखाचा रक्ताळलेला ओरखडा म्हणजे ‘नुसतं नख लागलं’ नव्हे. कुत्री-मांजरं पंजे चाटतात आणि लाळ नखांवर असू शकते.

लशीचं वेळापत्रक पाळण्यासाठी असतं. सरकारी रुग्णालयांत बहुधा कातडीच्या थरात अगदी थोड्या मात्रेत लस देतात. पहिल्या दिवसाला शून्य धरून शून्य, तीन, सात आणि अठ्ठावीस या दिवशी, प्रत्येक वेळी दोन्ही दंडांवर. स्नायूत दिली तर चौदाव्या दिवशीचा एक डोस वाढतो आणि एकूण पाच होतात. लहान बाळांना मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या भागात देतात. कुल्ल्यावर कधीही देऊ नये, कारण तिथल्या चरबीमुळे लशीचा परिणाम भरवशाचा राहत नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, तान्ही बाळं, म्हातारी माणसं, मधुमेही अशा सगळ्यांना ती घेता येते. पथ्य काही नाही. दोन डोस झाले, जखम भरली, रोजगार बुडतो म्हणून पुढचे सोडून दिले जातात. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांचं तर गावच बदलतं. अशा वेळी केसपेपर जवळ ठेवावा आणि पुढच्या मुक्कामाच्या जवळच्या सरकारी दवाखान्यात उरलेले डोस घ्यावेत. चावून आठवडे उलटले आणि तोवर काहीच केलं नसेल तरी लक्षणं नसताना लस सुरू करावी, ‘आता काय उपयोग’ म्हणू नये. पूर्वी कधी पूर्ण लसीकरण झालेलं असेल तर पुन्हा चावा झाल्यास शून्य आणि तिसऱ्या दिवशी असे दोनच डोस पुरतात आणि सीरम लागत नाही.

आता सीरमबद्दल. या लेखातलं एकच वाक्य कुणाच्या लक्षात राहणार असेल, तर मला वाटतं ते सीरमबद्दलचं असावं. लस टोचल्यावर शरीराला स्वतःची प्रतिपिंडं तयार करायला एक ते दोन आठवडे लागतात. तेवढ्या दिवसांत जखमेतला विषाणू मोकळा असतो. सीरममध्ये तयार प्रतिपिंडं असतात. ती दंडात न देता जखमेच्या आत आणि कडेनं, जखमेत मावतील तितकी सोडायची असतात, म्हणजे विषाणू तिथेच अडतो. टाके शक्यतो घालायचे नसतात. घालावेच लागले तर सीरमनंतर आणि सैल. २०२५ च्या उन्हाळ्यात केरळात लस घेतलेली लहान मुलं रेबीजनं दगावली आणि लशीवरच शंका घेतली गेली. त्यांतल्या एका मुलीला चावा डोक्याला होता. अशा चाव्यात विषाणूला जायचं अंतर इतकं कमी असतं की जखम किती नीट धुतली गेली आणि सीरम किती लवकर, किती नीट, प्रत्येक जखमेत भरलं गेलं, यावर सगळं अवलंबून राहतं.

सीरम पूर्वी घोड्याच्या किंवा माणसाच्या रक्तापासूनच मिळायचं. घोड्याचं स्वस्त, माणसाचं महाग आणि दुर्मिळ. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं अमेरिकेतल्या मासबायॉलॉजिक्सबरोबर प्रयोगशाळेत घडवलेलं मोनोक्लोनल (एकाच प्रकारचं) प्रतिपिंड विकसित केलं आणि २०१६ साली त्याला भारतात परवाना मिळाला. त्यानंतर अशी आणखी औषधं आली. तरीही तालुक्याच्या पातळीवर लस असते आणि सीरम नसतं, अशी वेळ येते. मग लस टोचून रुग्णाला घरी पाठवलं जातं आणि घरच्यांना उपचार पूर्ण झाल्यासारखं वाटतं. रक्त आलेली जखम असेल तर ‘सीरम दिलं का?’ हे स्वतःहून विचारावं. तिथे नसेल तर पहिला डोस तिथेच घ्यावा आणि त्याच दिवशी जिल्हा रुग्णालय गाठावं. पहिल्या डोसनंतर सात दिवसांपर्यंत सीरम देता येतं. त्यानंतर शरीराची स्वतःची प्रतिपिंडं तयार होऊ लागतात आणि सीरम देण्यात अर्थ राहत नाही.

‘घरचाच कुत्रा आहे’, ‘त्याला इंजेक्शन दिलेलं आहे’ ही वाक्यं डॉक्टरांना नेहमी ऐकावी लागतात, पण नियम घरच्या कुत्र्यालाही तोच आहे. कुत्र्या-मांजरांच्या लाळेत विषाणू येऊ लागला की साधारण दहा दिवसांत ते जनावर आजारी पडून मरतं. म्हणून चावलेल्या कुत्र्यावर किंवा मांजरावर दहा दिवस लक्ष ठेवायचं असतं. दहाव्या दिवशी ते धडधाकट असेल तर चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हता, आणि मग उरलेल्या डोसांचं काय करायचं ते डॉक्टर ठरवतात. मात्र या दहा दिवसांची वाट पाहत लस थांबवायची नाही, ती पहिल्याच दिवशी सुरू करायची. चावलेल्या कुत्र्याला लोक काठ्यांनी मारून टाकतात. त्यानं नजर ठेवण्याची सोय संपते आणि मारणाऱ्यांपैकी आणखी कुणाला चावा बसण्याची भीती असते. हा दहा दिवसांचा नियम माकड, मुंगूस, कोल्हा, लांडगा यांना लागू होत नाही. त्यांच्या चाव्यात संपूर्ण उपचार घ्यावेत. मुंबईत २०२४ मध्ये सोनेरी कोल्ह्यात रेबीज आढळला होता, त्यामुळे हा विषय फक्त जंगलाकाठच्या गावांचा समजू नये. घरातल्या उंदराच्या चाव्यानं सहसा रेबीजची भीती नसते, तरी डॉक्टरांना दाखवावं.

गोठ्यातल्या धोक्याची चर्चा कमी होते. रात्री वस्तीवर आलेलं पिसाळलेलं कुत्रं किंवा कोल्हा गाई-म्हशीला चावून जातो आणि दाट केसांखाली जखम दिसत नाही. काही आठवड्यांनी म्हैस चारा सोडते, तोंडातून लाळेच्या तारा गळतात, आवाज घोगरा होतो, सारखी हंबरते. मालकाला वाटतं, घशात काहीतरी अडकलं. तो बाही वर करून हात थेट तिच्या घशात घालतो. खरचटलेल्या, शेतात कापलेल्या हातांना लाळ लागते आणि रोग अशा वाटेनंही घरात येऊ शकतो. लाळ गाळणारं, गिळू न शकणारं जनावर दिसलं की तोंडात हात घालू नये, आधी पशुवैद्यकाला बोलवावं. घातलाच असेल तर कोपरापर्यंत साबणानं धुवावं आणि दवाखान्यात जाऊन हे सांगावं. चावा झाला त्याच वेळी लक्षात आलं तर जनावरालाही लस देता येते. अशा म्हशीचं दूध गावभर वाटलं गेलं असेल तर मोठी घबराट होते. उकळलेल्या दुधात हा विषाणू टिकत नाही आणि दुधामुळे माणसाला रेबीज झाल्याची खात्रीशीर नोंद नाही. कच्चं दूध मात्र पिऊ नये.

मुलांचा विचार वेगळा करायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यानुसार संशयित जनावरांचा चावा बसलेल्यांत ४० टक्के मुलं १५ वर्षांखालची असतात. मूल बुटकं असतं, त्यामुळे चावा डोक्याला, चेहऱ्याला बसतो. आणि मूल लपवतं. ‘कशाला गेला होतास कुत्र्याजवळ?’ ही ओरड ठाऊक असल्यानं बाही खाली ओढून गप्प बसतं. भाद्रपदात कुत्र्यांचा माज असतो आणि सुमारे दोन महिन्यांनी, दिवाळीनंतरच्या थंडीत, गल्लीगल्लीत पिल्लं दिसू लागतात. शाळकरी मुलं त्यांना पोत्यावर निजवतात, दूध घालतात, दप्तरात घालून आणतात. ही माया मोडू नये. पण पिल्लालाही रेबीज असू शकतो आणि पिल्लाचा दात लागला तर त्याच दिवशी सांगायचं, ओरडा बसणार नाही, एवढा भरवसा मुलाला घरातून मिळाला पाहिजे. जेवत्या, झोपलेल्या किंवा पिल्लांजवळच्या कुत्रीला हात लावायचा नाही, अनोळखी कुत्रं अंगावर आलं तर पळायचं नाही, जागच्या जागी स्तब्ध उभं राहायचं, पडलंच तर गुडघे पोटाशी घेऊन मानेमागे हात धरायचे, हे जिल्हा परिषदेच्या शाळेत परिपाठाच्या वेळी दहा मिनिटांत शिकवता येतं.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीवरून काढलेला अंदाज असा, की देशात वर्षाला सुमारे ९१ लाख लोकांना जनावरं चावतात आणि रेबीजनं सुमारे ५,७०० मृत्यू होतात. चाव्यांत सुमारे तीन चतुर्थांश वाटा कुत्र्यांचा आहे. चावा झालेल्यांपैकी जवळपास पाचवा हिस्सा एकही डोस घेत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचे आधीचे अंदाज मृत्यूंचा आकडा याच्या तिप्पट सांगत होते. कोणताही आकडा घेतला तरी हे मृत्यू टाळता आले असते. माणसाला होणारा रेबीज जवळपास सगळा कुत्र्यामार्फत येतो. एखाद्या भागातल्या ७० टक्के कुत्र्यांना दर वर्षी लस टोचली तर तिथे विषाणूला पुढे सरकायला पुरेसे कुत्रे मिळत नाहीत. कुत्रे पकडून दुसरीकडे सोडल्यानं हे होत नाही. लस घेतलेल्या कुत्र्यांनी सोडलेल्या जागेत बाहेरचे, लस न घेतलेले कुत्रे येतात.

आपल्या शेजारी गोव्यानं हे करून दाखवलं. तिथे राज्य सरकार आणि मिशन रेबीज ही संस्था यांनी मिळून जाळी घेऊन गल्लीगल्लीत कुत्रे धरले, लस टोचली, रंगाची खूण केली आणि जिथे धरले तिथेच सोडले. कुठल्या वाड्यावर किती झाले याची नोंद मोबाइलवर होत राहिली, त्यामुळे राहिलेला भाग दुसऱ्याच दिवशी कळत असे. वर्षाला सुमारे ९५,००० कुत्र्यांना लस दिली गेली, सुमारे दीड लाख लोकांपर्यंत, त्यातही शाळकरी मुलांपर्यंत, चाव्याची माहिती पोचवली गेली आणि संशयित कुत्र्याची खबर द्यायला चोवीस तास दूरध्वनी ठेवला. कुत्र्यांमधला रेबीज ९२ टक्क्यांनी घटला, माणसांचे मृत्यू २०१९ पर्यंत थांबले आणि २०२१ मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित जाहीर झालं. पण गोव्याच्या एका बाजूला सिंधुदुर्ग आहे, दुसऱ्या बाजूला कर्नाटक, आणि कुत्र्यांना सीमा ठाऊक नसते. दर वर्षी जन्मणारी पिल्लं कोरी असतात, त्यामुळे हे काम तिथे दर वर्षी पुन्हा करावं लागतं. केंद्र सरकारच्या कृती आराखड्यात २०३० पर्यंत कुत्र्यांमुळे होणारा रेबीज संपवायचं उद्दिष्ट आहे. आपल्या नगरपालिकेनं किंवा ग्रामपंचायतीनं गेल्या वर्षी किती कुत्र्यांना लस दिली आणि जवळच्या सरकारी रुग्णालयात आज सीरम शिल्लक आहे का, हे दोन प्रश्न कोणताही नागरिक लेखी विचारू शकतो. ग्रामसभेतही ते विचारता येतात.